पिवळ्या पडद्याचं टेंडर

आपल्या बायकोला पिवळा पडदा हवा आहे हे होलसेलरावांना कळलं, तेव्हा ते बेसिनपाशी उभे राहून टूथपेस्टची संपलेली ट्यूब कात्रीने उभी चिरत होते. ट्यूब संपली असं जग म्हणतं, होलसेलराव म्हणत नाहीत. चिरल्यावर आत आणखी आठवडाभराचा ऐवज निघतो, आणि तो बघून त्यांचा चेहरा असा उजळतो की बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला गुप्तधन सापडलं. होलसेलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. इमारतीतल्या लोकांनी ते पाठीमागे ठेवलं होतं. एकदा कुणाच्या तरी तोंडून समोरच निसटलं, आणि ह्यांनी ते कौतुक समजून ठेवून घेतलं. फुकट मिळालेली वस्तू परत करायची त्यांना सवयच नव्हती.

"मागच्या खोलीच्या खिडकीला पिवळा पडदा लावावा म्हणते," वहिनी दारातून म्हणाल्या. वहिनी म्हणजे होलसेलरावांच्या बायको. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तर आपणही तेच म्हणू.

"आहे की पडदा."

"तो पडदा नाही हो, जुनी चादर आहे."

"चादर म्हणून जुनी. पडदा म्हणून अजून नवीच आहे."

एरवी वहिनी इथे थांबल्या असत्या. पण त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्त माणसाला पहिल्या महिन्यात जरा धीर येतो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे काढली होती. नाव काय, वय काय, कुठं दुखतंय, हे पैसे घ्या, तो कागद धरा, पुढचे या. ती खिडकी ज्या कुणी बसवली त्याने अशा उंचीवर बसवली होती की आत बसलेल्या बाईला बाहेरच्या माणसाचा चेहरा दिसायचाच नाही, फक्त गळा आणि शर्टाची बटणं दिसायची.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडकीत बसले," वहिनी म्हणाल्या. "आता एक माझी असू दे. दुपारी तिथं छान ऊन येतं. पिवळ्या पडद्यातून आत आलं की बरं वाटेल. खुर्ची टाकून बसेन जरा. बाकी काही नको मला."

"कापड बघितलंयस कुठं?"

"कोपऱ्यावरच्या दुकानात आहे."

"कितीला?"

"ते नाही बाई विचारलं," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आता इथे एक खुलासा करायला हवा. होलसेलराव एका कचेरीच्या भांडार विभागात मोठ्या पदावर होते. त्या विभागाचा नियम असा, की तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घ्यायची नाही. एवढ्या वर्षांत तो नियम त्यांच्या रक्तात भिनला होता. घरातली झाडणी, बादली, तांदूळ, चष्म्याची काडी, सगळं तीन ठिकाणी भाव विचारूनच आलं होतं. लग्नाआधी तुम्ही किती मुली पाहिल्या होत्या, असं वहिनींनी एकदा सहज विचारलं. तीन, असं उत्तर आल्यावर मात्र पुढचा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला.

आणि ह्या खरेदीला एक शेवटचा विधीही होता. वस्तू घरी आली की होलसेलराव ती टेबलावर ठेवायचे, दोन्ही हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, "ओळख, कितीला?" वहिनी वस्तू उलटसुलट करून बघायच्या, जरा विचार केल्यासारखं करायच्या आणि एक आकडा सांगायच्या. तो नेहमी खऱ्या किमतीच्या बराच वर असायचा. मग होलसेलराव खरी किंमत सांगायचे आणि वहिनी "काय सांगता!" म्हणायच्या. संसारात काहीही बिनसलेलं असो, हा कार्यक्रम कधी चुकला नाही. आपली बायको आयुष्यभर बाजारात जाते तरी तिला भाव कसे ठाऊक नसतात, ही शंका होलसेलरावांना कधी आली नाही. जिंकणाऱ्याला अशा शंका येत नसतात.

तर, टेंडर निघालं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पिवळ्या कापडाचा भाव सांगितला तेव्हा होलसेलरावांनी त्याला, सबंध दुकान विकतोयस का, असं विचारलं. दुकानदार त्यांना ओळखून होता. त्याने हसून कापड पुन्हा घडी घालून ठेवलं. दुसरं कोटेशन एका मोठ्या झगमगीत दुकानातलं. तिथे भाव विचारायच्या आधीच एका मुलीने पाणी आणून दिलं. पाण्याचे पैसे कापडात लावलेले असणार हे ओळखून ते पाणी पिऊन बाहेर पडले. तिसऱ्यासाठी मात्र त्यांना गावाबाहेरच्या एका गोदामाचा पत्ता मिळाला. ते गोदाम कायमचं बंद होत होतं आणि तिथला माल मातीमोल भावाने चालला होता.

गोदामात पिवळं कापड नव्हतं. तपकिरी होतं, चांगलं जाडजूड, आणि त्यावर हळदीच्या रंगाची पानं होती.

"पिवळं हवं होतं," होलसेलराव म्हणाले.

"पानं पिवळी आहेत की साहेब," गोदामवाला म्हणाला.

होलसेलरावांनी चष्मा वर करून पाहिलं. पानं पिवळी होती, हे काही नाकारता येत नव्हतं. शिवाय भाव ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला होता, सुखाचा. अट एकच होती. कापून मिळणार नाही, अख्खा तागा उचलायचा आणि घेतलेला माल परत नाही. "तागाच घेतो," होलसेलराव ऐटीत म्हणाले. तागा म्हणजे काखेत मारून बसने नेता येईल असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दोन हमाल जे खांद्यावर घेऊन आले ते बघून त्यांना वाटलं, हे लोक गोदामाचा खांब काढून आणतायत.

टेम्पोचं भाडं गेलं, हमाली गेली. "ती वेगळ्या खात्यात," होलसेलराव स्वतःशी म्हणाले.

इमारतीच्या दारात सेक्रेटरी उभे होते. सेक्रेटरी सरळ माणूस होते, पण नियम म्हटला की त्यांचं भान हरपायचं.

"लिफ्टमधून फक्त हातातलं सामान न्यायचं," ते म्हणाले.

"हे हातातच आहे."

"चार हातांत आहे. अवजड सामानाला अर्ज लागतो."

अर्जात फर्निचर, यंत्र आणि बांधकाम साहित्य असे तीन रकाने होते. कापड कशात बसवायचं ह्यावर कमिटीची दोन मतं पडली. कापड पडद्याचं म्हणून फर्निचर, असं एकाचं म्हणणं. पण पडदा अजून शिवलेला नाही, म्हणजे ते साहित्यच, असं सेक्रेटरींचं. निर्णय होईपर्यंत तागा जिन्याखाली पडून राहिला. वॉचमन त्यावर बसायला लागला आणि गल्लीतला कुत्रा झोपायला लागला. त्यांच्यात वेळेवरून भांडणं होऊ लागली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या इंजिनीयरला राहवेना. हा गृहस्थ जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधून निवृत्त झालेला, आणि निवृत्त झाल्यापासून कुठे काही उचलायचं आहे का, हे शोधत असायचा.

"लिफ्टचा नियम आहे ना? बाल्कनीचा कुठं आहे?" तो म्हणाला. "कप्पी लावू, दोर टाकू, वर ओढून घेऊ. विज्ञान आहे हो, कमिटी नाही."

रविवारी सकाळी विज्ञान सुरू झालं. तागा डौलात वर चढला आणि तिसऱ्या मजल्यावर होलसेलरावांच्या बाल्कनीशी येऊन टेकला. त्यांनी आनंदाने कापडाचं मोकळं टोक धरून कठड्याला करकचून बांधलं. नेमक्या त्याच क्षणी इंजिनीयरने "आलं ना?" असं विचारत खालून दोर सोडला. तागा उलगडत उलगडत थेट दारापर्यंत खाली गेला आणि सगळी इमारत तपकिरी झाली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा न्याहारी करून खुर्चीत डुलकी घेत होते. त्यांनी डोळे उघडले, खिडकीबाहेरचा अंधार पाहिला आणि सुनेकडे रात्रीचं जेवण मागितलं. दिलं नाही म्हणून ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

सेक्रेटरींनी नोटीस काढली, इमारतीच्या दर्शनी भागावर विनापरवाना फलक लावल्याबद्दल.

"अहो, त्यावर एक अक्षर तरी लिहिलंय का?" होलसेलरावांनी विचारलं.

"मग कोरा फलक," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी नोटिशीत तशी दुरुस्ती केली.

असा तो तागा घरात आला. होलसेलरावांनी हात मागे बांधले. "ओळख, कितीला?"

वहिनी तपकिरी कापडाकडे बघत राहिल्या. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं. मग नेहमीसारखा मोठा आकडा सांगितला, आणि खरा ऐकून "काय सांगता" म्हणाल्या. फक्त ह्या खेपेला त्या उद्गारचिन्ह विसरल्या. होलसेलरावांच्या ते लक्षात आलं नाही. ते फूटपट्टी शोधत होते.

मागच्या खोलीतल्या खिडकीला पडदा झाला. तागा जाग्यावरून हलला नाही. मग घरातल्या यच्चयावत खिडक्यांना पडदे झाले. तागा तसाच. शिंप्याने शिलाई सांगितली ती ऐकून होलसेलरावांनी जुनं शिलाई मशीन आणलं, तीन कोटेशनं घेऊन. ते अडकायचं म्हणून त्याची दुरुस्ती झाली, आवाज करायचं म्हणून खाली घालायला रबर आलं आणि धूळ बसू नये म्हणून त्याला तपकिरी कव्हर आलं. पुढे सोफ्याला कव्हरं झाली, उशांना अभ्रे झाले, टेबल, खुर्च्या, फ्रिज, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांच्या अंगावर पानं आली. बाजाराच्या पिशव्या झाल्या. पडदे इतके जाड की भरदुपारी घरात दिवे लावावे लागायचे, आणि विजेचं बिल बघून होलसेलराव वीज मंडळाला तक्रार करायला निघाले होते.

उरलेल्यात त्यांनी शेजाऱ्यांना सामील करून घेतलं. इंजिनीयरने गाडीला कव्हर शिवलं. सेक्रेटरींनी आधी भेटवस्तू घेणं नियमात बसत नाही असं सांगितलं, मग कमिटीच्या कार्यालयाला पडदे नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. लांब राहणारी मुलगी फोनवर व्हिडिओ कॉल करायची, ती एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही जंगलात राहायला गेलात का?" होलसेलराव खूप हसले. वहिनी मशीनवर होत्या, त्या मान खाली घालून टीप मारत राहिल्या.

त्या हल्ली कमीच बोलायच्या. दुपारी मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसतही नसत. बसून बघायचं काय, ऊन आतच येत नव्हतं. त्यांचा घरातला गाऊन फाटला तेव्हा त्या पर्स घेऊन निघाल्या होत्या, पण होलसेलराव म्हणाले, "अगं, घरात एवढं कापड असताना?" वहिनी दारात जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि मशीनवर बसल्या. संध्याकाळपर्यंत गाऊन तयार होता. होलसेलरावांनी तो बघून "बाजारात असा शोधून मिळायचा नाही," असं मनापासून सांगितलं. ते खरंच होतं.

मग तो दिवस आला. कचेरीतून होलसेलराव जरा लवकर सुटले होते. वाटेत त्यांना साबणाच्या वड्या फार स्वस्तात मिळाल्या होत्या आणि कधी एकदा घरी जाऊन "ओळख" म्हणतो असं त्यांना झालं होतं. त्यांनी किल्लीने दार उघडलं. घरात अंधार होता.

"अगं ए!" त्यांनी हाक मारली.

उत्तर नाही. स्वयंपाकघरात बघितलं, तिथे नाही. मागच्या खोलीत नाही. बाल्कनीत नाही. चपला तर दाराशीच होत्या. ते पुन्हा बाहेरच्या खोलीत आले, हातातली जड पिशवी त्यांनी सोफ्यावर टाकली आणि खिशातला फोन चाचपू लागले.

"अहो," सोफा म्हणाला, "लागलं ना मला."

होलसेलराव दचकून मागे सरले आणि त्यांनी धडपडत दिवा लावला. सोफ्यावर वहिनी बसल्या होत्या. तपकिरी सोफा, तपकिरी उशा, मागे तपकिरी पडदा, आणि मध्ये तपकिरी गाऊनमधल्या वहिनी. साबणाची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. तीही तपकिरीच.

"तू इथंच होतीस?"

"मगाचपासून."

"मग हाक मारली तेव्हा ओ का नाही दिलीस?"

वहिनींनी पिशवी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. "म्हटलं, बघू दिसते का," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर होलसेलरावांना सोपं गेलं असतं. त्यांच्याकडे रागाला देण्यासारखी उत्तरं पुष्कळ होती.

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. होलसेलराव त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटलं, इतकं की साबणाची किंमत त्यांना आठवेना. त्या रुग्णालयातल्या खिडकीतून हिला माणसांचे चेहरे दिसायचे नाहीत, आणि तिथून सुटून घरी आली तर आता हिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. एवढं सगळं वाचवलं ते कुणासाठी, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता तर ते तडक म्हणाले असते, हिच्यासाठीच की. आणि ही तर एक पिवळा पडदा मागत होती. चहा येईपर्यंतसुद्धा ते थांबले नाहीत, तसेच चपला घालून खाली उतरले.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांना येताना पाहिलं आणि खुर्चीत सावरून बसला. बऱ्याच दिवसांत चांगली घासाघीस झाली नव्हती.

"पिवळं कापड. पडद्याचं," होलसेलराव म्हणाले.

कुठलं पिवळं, असं दुकानदाराने विचारलंच नाही. त्याने मागे वळून बरोबर एक गठ्ठा ओढला, कापड समोर पसरलं आणि भाव सांगितला. तोच, पहिल्या दिवशीचा. सांगून तो वाट बघत बसला.

"द्या," होलसेलराव म्हणाले.

दुकानदाराच्या हातातली कात्री तशीच राहिली. "म्हणजे? काहीच म्हणायचं नाही?"

"नाही."

"साहेब, बरं आहे ना तुम्हाला? बसा जरा. पाणी देऊ?"

"पाणी नको. कापड कापा."

"अहो, असं कसं? दोन शब्द तरी बोला. मी थोडं खाली येतो, तुम्ही थोडं वर या. निदान लुटतोयस म्हणा." तो बिचारा खरंच कावराबावरा झाला होता. होलसेलरावांनी पैसे मोजून ठेवले. शेवटी मनाची टोचणी म्हणून त्याने पडद्याच्या कड्या फुकट बांधून दिल्या. मापासाठी काही घरी जावं लागलं नाही. तागा संपवण्याच्या नादात त्या खिडकीचं माप होलसेलरावांना तोंडपाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. वहिनी भाजी आणायला बाहेर गेल्या तेव्हा ते मशीनवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा टीप मारली. ती वाकडी गेली, पण घट्ट होती. वहिनी परत आल्या तेव्हा मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवलेली होती, वर पिवळा पडदा होता आणि दुपारचं ऊन त्यातून सगळ्या खोलीभर पसरलं होतं. होलसेलराव स्टुलावरून उतरत होते.

वहिनी खुर्चीत बसल्या. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आलं. होलसेलराव बाजूला उभे राहून बघत राहिले. हिच्या भुवईपाशी एक बारीक तीळ आहे, हे ते विसरूनच गेले होते.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "विचारा ना."

"काय?"

"नेहमीचं."

"नको गं," होलसेलराव म्हणाले. त्यांचे हात मागे गेले नव्हते.

"विचारा हो."

"बरं. ओळख, कितीला?"

वहिनींनी पडद्याचं टोक हातात घेतलं. वाकड्या टिपेवरून बोट फिरवलं, आणि आकडा सांगितला. ह्या खेपेला त्यांनी विचार केल्यासारखं मुळीच केलं नाही.

आकडा बरोबर होता. पार शेवटच्या पैशापर्यंत बरोबर.

"तुला कसं कळलं? तू तर म्हणालीस, भाव विचारला नाही."

"दर महिन्याला विचारायचे," वहिनी म्हणाल्या. "पगाराच्या दिवशी, घरी येताना. तो कापड काढून दाखवायचा, मी हात लावून बघायचे आणि यायचे."

"मग घ्यायचं नाही का? पगार तुझाच होता ना?"

वहिनी हसल्या. "तुमची तीन कोटेशनं कुठं झाली होती?"

होलसेलराव आत गेले. ते स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची घेऊन आले. तिच्यावरचं तपकिरी कव्हर त्यांनी ओढून काढलं, दाराबाहेर टाकलं आणि बायकोशेजारी उन्हात येऊन बसले.